दोरीच्या वाडग्याचा तळ पापडासारखा का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोधड्या शिवून पोतंभर चिंध्या उरल्यात. त्या दोरीला गुंडाळून, त्या दोरीची वेटोळी घालत मशीनवर झिगझॅगच्या टाक्याने वाडगा शिवायला घेतलात, तर तळ भाजलेल्या पापडासारखा वरखाली झाला, दोन सुया मोडल्या आणि बाजू काही केल्या उभ्या राहिनात. दोरी वापरली ती घरातलीच, कपडे वाळत घालायची.

सुया त्या दोरीनेच मोडल्या असणार. अमेरिकेतल्या क्विल्टवाल्या बायका या वाडग्यांना 'क्लोथ्सलाइन बाऊल' म्हणतात आणि आपण ते वाचून गच्चीवरची दोरी खाली काढतो. तिकडची ही दोरी असते सुती, नाडीसारखी विणलेली, पण गोल आणि भरीव. आपल्याकडची बहुतेक नायलॉनची किंवा प्लास्टिकची. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तो लेकीकडे न्यू जर्सीला राहायला गेले होते तेव्हा. तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात १०० फुटांची लड मिळाली, जाडी ७/३२ इंच, म्हणजे साडेपाच मिलिमीटर. परत आल्यावर हौसेने इथली निळी दोरी आणली आणि पहिल्याच संध्याकाळी तीन सुया घालवल्या. नायलॉन टणक असतं. सुई त्यावरून घसरते, वाकते आणि मशीनच्या खालच्या लोखंडी पट्टीवर जाऊन आपटते. शिवाय ती दोरी ताणली जाते आणि सोडली की आखडते, त्यामुळे एकच वाडगा कुठे घट्ट, कुठे सैल होतो.

आता सुती दोरी शोधायला त्रास नाही. दुकानात 'मॅक्रमेची दोरी' मागा, ५ मिलिमीटर, विणीची. पुण्यात असाल तर बोहरी आळीत एक चक्कर मारा, सगळ्या जाडीच्या दोऱ्या हाताने दाबून बघता येतात. दाबून बघाच. बोटांत चेपून चपटी होणारी दोरी नको, आतून पोकळ असेल तर वाडगा लुळा पडतो. तीन पदरी पिळाची दोरीही चालते, पण कापलं की टोक उलगडतं आणि पिळाचे उंचवटे कापडाखालून दिसतात. पिळाची घेतलीत तर कापण्याआधी त्या जागी दोऱ्याचे चार वेढे घट्ट बांधा आणि कापड गुंडाळताना दोरी बोटांत फिरवायची ती पीळ आवळेल अशाच दिशेने.

आता पापडाकडे येते.

कापड गुंडाळल्यावर दोरी साधारण ६ मिलिमीटर होते. सपाट तळात प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यापेक्षा किती लांब हवा? पावणेचार सेंटिमीटर. पहिल्या फेऱ्यानंतरचा दुसरा असो की बाराव्यानंतरचा तेरावा, वाढ तेवढीच. शाळेतलं वर्तुळाचं गणित आहे: व्यास दर फेऱ्याला १२ मिलिमीटरने वाढतो, परिघ त्याच्या ३.१४ पट. फेऱ्याला त्याहून कमी दोरी मिळाली तर कड आत ओढली जाते आणि तळ उलट्या वाटीसारखा फुगतो. जास्त मिळाली तर जादा दोरीला सपाटीत जागा नाही, म्हणून ती वरखाली पळते. तोच तुमचा पापड. क्रोशाचा गोल रुमाल विणलेला असेल तर हे तुम्हाला हाताने माहीत आहे. मुक्या खांबाचा रुमाल दर फेरीला सहा खांब वाढवले की सपाट बसतो, चार वाढवले की टोपी होते आणि दहा वाढवले की झालर.

म्हणजे तुमच्या तळात दोरी जास्त जातेय. का जातेय, ते शिवताना आपल्या हातांकडे बघितलंत की कळेल. नवीन बाई साधारण दोनपैकी एक चूक करते. एक, दोरी ताणून धरते. मग तळ फुगतो. दोन, दोन फेऱ्यांच्या मधे फट राहील या भीतीने उजव्या हाताने दोरी मशीनच्या पायाखाली ढकलत राहते. मग पापड. चकली पाडताना सोऱ्यातून पीठ आपलं आपण उतरतं आणि आपण नुसता हात फिरवतो ना, तसं करायचं. दोरी मशीनच्या दातांना, म्हणजे पायाखालच्या कापड सरकवणाऱ्या दातांना, घेऊ द्यायची. उजव्या हाताचं काम एवढंच की नवीन दोरी आधीच्या फेऱ्याला कुशीने लागून राहील. डावा हात तळावर पसरून ठेवा, तव्यावरची भाकरी फिरवताना ठेवतो तितका हलका.

तळ फुगण्याचं आणखी एक कारण असतं आणि ते कुणी सांगत नाही: उरलेली दोरी कुठे पडलीय? टेबलावरून खाली लोंबत असेल तर तिचं वजनच दोरी ओढतं. मी ती सैल वेटोळी करून मांडीवरच्या परातीत ठेवते. नातू याला 'आजीचा साप' म्हणतो.

दर दोन-तीन फेऱ्यांनी तळ मशीनवरून काढा आणि ओट्यावर ठेवून बोटाने कडेला टिचकी मारा. डुगडुगला तर तिथेच थांबा. तीन फेऱ्यांपर्यंतची चूक इस्त्रीने बसते: ओलं फडकं ठेवून कडक इस्त्री, मग गार होईपर्यंत वर पोळपाट पालथा घालायचा. सहा फेऱ्यांची चूक इस्त्रीने बसत नाही. हे अर्थात सुती दोरी आणि सुती कापडाचंच झालं. नायलॉनवर इस्त्री ठेवलीत तर इस्त्री फेकायची वेळ येईल.

मशीनचं म्हणाल तर साधी काळी, सरळ टिपेची मशीन या कामाची नाही. सरळ टीप एका वेळी एकाच दोरीत पडते, शेजारच्या दोरीला धरत नाही. झिगझॅगचा टाका एकदा डावीकडच्या फेऱ्यात, एकदा उजवीकडच्या दोरीत पडायला हवा. रुंदी ५ मिलिमीटर, नसेल तर मशीन देईल तेवढी जास्तीत जास्त, आणि लांबी २ ते अडीच. सुई १६ नंबरची, जीन्सची. १४ ची लावून बघू नका. वरच्या दोऱ्याचं टेन्शन नेहमीपेक्षा एक आकडा कमी. दोरा पॉलिएस्टर. पिको-फॉल करणाऱ्यांकडे झिगझॅग मशीन असते, म्हणून काहीजणी त्यांच्याकडे नेऊन विचारतात. पण ती मशीन त्यांची रोजीरोटी असते आणि या कामात कापसाची पिंज इतकी उडते की प्रत्येक वाडग्यानंतर सुईखालची लोखंडी पट्टी उघडून ब्रशने झाडून तेलाचा थेंब सोडावा लागतो. दुसऱ्याच्या मशीनवर हे करू नये असं माझं मत.

झिगझॅग नसेल तर हाताने करा. वेळ लागतो, मशीनचं एका संध्याकाळचं काम आठवडाभर पुरतं, पण वाडगा वाईट होत नाही. वेटोळी घालून शिवलेल्या टोपल्या मुळात हातच्याच. अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, चार्ल्सटनच्या आसपास, गल्ला समाजाचे लोक स्वीटग्रास नावाच्या गवताच्या अशा टोपल्या पिढ्यानपिढ्या करत आले आहेत. गुलाम म्हणून पश्चिम आफ्रिकेतून नेलेल्या माणसांबरोबर तो हात तिकडे गेला. भाताच्या मळ्यांत पाखडायला अशीच वेटोळ्यांची सुपं होती. आपल्याकडे डोक्यावर घागर घ्यायला जुनेराची चुंबळ करायचे. माझी आजी ती इतकी घट्ट वळायची की घागर उतरवल्यावरही चुंबळीचा गोल मोडायचा नाही. दोरीला कापड गुंडाळताना मला अजून तिची बोटं आठवतात.

हाताने करताना जाड सुई, दुहेरी दोरा, आणि टाका नव्या दोरीला वळसा घालून आधीच्या फेऱ्याच्या मधोमध शिरला पाहिजे. नुसत्या कापडाच्या कडेला धरलात तर महिन्याभरात फेरे सुटतात.

चिंध्यांबद्दल. पट्ट्या २ सेंटिमीटर रुंद. दीडच्या खाली गेलात तर गुंडाळून बोटं दुखतील, अडीचच्या वर गेलात तर सुरकुत्या पडतील. उभ्या धाग्यात कापलेली पट्टी ताण धरते, उरेब पट्टी वळणावर छान बसते पण ओढली की अरुंद होते. मी उभ्याच वापरते. कडा दुमडायच्या नाहीत. सुटलेले धागे शेवटी कात्रीने काढले की झालं. जुन्या लुगड्याचं कापड सगळ्यात सुंदर बसतं, कारण ते धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं आणि रंग जायचा तेवढा गेलेला असतो. ब्लाउजवाल्यांकडची रुबियाची कातरणं पातळ असतात, खालची पांढरी दोरी दिसते. ती वापरायची तर गुंडाळताना निम्म्यावर निम्मी पट्टी चढवा. खण जाड, शिवाय कडेने उसवतो. तो अख्ख्या वाडग्याला नको, वरच्या दोन फेऱ्यांत काठासारखा घ्या. सिंथेटिक साडीची पट्टी दोरीवर बसतच नाही, सारखी सुटून येते. आणि गडद लाल किंवा निळीचं नवीन कापड असेल तर पट्ट्या कापण्याआधी ते धुवा. एका मैत्रिणीच्या मोतिया वाडग्याला पहिल्याच धुण्यात गुलाबी रंग चढला. ती म्हणते मुद्दाम केलाय.

गुंडाळताना पट्टी तिरकी धरून दोरीभोवती वेढे घालत जायचं, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवत. नवीन पट्टी जोडताना तिचं टोक जुन्या पट्टीच्या शेवटच्या वेढ्याखाली सरकवा आणि ग्लू स्टिकचा एक ठिपका. बाटलीतला पांढरा गोंद नको. वाळला की खडा होतो, सुईला चिकटतो आणि टाके सुटतात. दोन जोड कधी एकमेकांशेजारी येऊ देऊ नका, तिथे कापडाचे चार-पाच थर होतात आणि सुई अडखळते. एका वेळी दोन-अडीच मीटर गुंडाळून टोकाला कपड्यांचा चिमटा लावायचा आणि तेवढं शिवून पुढचं गुंडाळायचं. सगळी दोरी आधीच गुंडाळून ठेवलीत तर शिवायला घेईपर्यंत निम्मी सैल झालेली असते.

रंगांची एक गंमत. ६० सेंटिमीटरच्या पट्टीने साधारण ४५ सेंटिमीटर दोरी झाकली जाते. तेवढ्याच पट्टीचे मध्यभागी चार-पाच फेरे होतात, म्हणजे अख्खी ठसठशीत टिकली. बाहेर, तळाच्या कडेला, तीच पट्टी जेमतेम एक फेरा करते, नुसती रेघ दिसते. म्हणून मध्यभागी लांबडी चिंधी वापरू नका, एकच रंग पसरून बसतो. छोटे, बोटभर तुकडे मधे घाला आणि लांब पट्ट्या बाजूंसाठी ठेवा. बहुतेकजणी बरोबर उलट करतात.

आणि पोतं रिकामं होईल या आशेवर राहू नका. हिशोब सांगते. १५ सेंटिमीटरचा तळ आणि ८ सेंटिमीटरच्या किंचित उसळत्या बाजू, असा डाळिंबं ठेवायच्या मापाचा वाडगा घ्या. तळाला ३ मीटर दोरी, बाजूंना साडेसात, मिळून साडेदहा मीटर. एका मीटर दोरीला सव्वा ते दीड मीटर पट्टी. म्हणजे सगळी मिळून तेरा-सोळा मीटर पट्टी, आणि तिचं वजन जेमतेम ४० ग्रॅम. पोत्यात ५ किलो चिंध्या असतील तर सव्वाशे वाडगे आणि सव्वा किलोमीटरच्या वर दोरी. पोतं संपवायचं असेल तर पायपुसणी विणा. वाडगा करायचा तो वाडगा हवा म्हणून.

सुरुवात मात्र हाताने करा, मशीन कितीही चांगली असली तरी. दोरीचं टोक तिरकं कापा, कापड त्याच्या पुढे बोटभर नेऊन परत मागे गुंडाळा म्हणजे टोक झाकलं जाईल. मग गोगलगायीसारखे दोन फेरे वळा, आरपार दोन टाचण्या मारा आणि हातसुईने फुलीचे घट्ट टाके घाला. टाचण्या काढा. आता हा बटणाएवढा गोल पायाखाली असा ठेवा की गोल सुईच्या डावीकडे आणि येणारी दोरी उजवीकडून, तुमच्या दिशेने. डावीकडे का, तर तळ मोठा होतो तेव्हा त्याला पसरायला जागा डावीकडेच असते. उजवीकडे मशीनचं धड आहे. पहिले तीन फेरे चाक हाताने फिरवत, दर चार टाक्यांनी सुई आत ठेवून, पाय उचलून, गोल थोडासा वळवत. इथे मोटर वापरलीत की केंद्र चौकोनी होतं. मोटर चौथ्या-पाचव्या फेऱ्यापासून.

बाजू उभ्या राहिनात, त्याचं उत्तर पुन्हा त्या पावणेचार सेंटिमीटरमध्येच आहे. सपाट तळात फेऱ्याला पावणेचार वाढ. ४५ अंशांच्या उताराला पावणेतीनच्या जरा कमी. सरळ उभ्या भिंतीला शून्य, म्हणजे प्रत्येक फेरा आधीच्याइतकाच. पण ही वाढ मोजत बसायचं नसतं आणि दोरी ओढून कमी तर मुळीच करायची नसते. तुम्ही तेच केलंत असं वाटतंय. ओढून केलेली भिंत मशीनवरून काढली की पुन्हा कलंडते. करायचं एवढंच: तळ डाव्या हाताने उचलून तिरका धरायचा. उचललेला तळ, आणि सुईखाली फक्त शेवटचा फेरा आणि नवीन दोरी. जितका उचलाल तितकी भिंत उभी. थोडा उचललात तर परातीसारखा पसरट आकार, पार उभा करून मशीनच्या डाव्या अंगाला टेकवलात तर डब्यासारख्या सरळ बाजू.

पहिला उचललेला फेरा फसवा असतो. तो शिवून झाला तरी काही झालंय असं दिसत नाही आणि बाई घाबरून आणखी तिरका धरते. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला कड एकदम वर येते आणि मग मधेच एक कंबर पडते. एकदा कोन ठरवला की निदान चार फेरे बदलायचा नाही. हात दुखून खाली येतो, म्हणून मी तळाखाली जुनी टेलिफोन डिरेक्टरी टेकवते, त्याच कामासाठी ती अजून घरात आहे. कोन बदलायचा तो फेऱ्याच्या सुरुवातीलाच. तळ संपतो तिथे कडेला सेफ्टी पिन लावून ठेवा, ती फेऱ्याची खूण. फेऱ्याच्या मधे कोन बदललात तर एक बाजू उंच, एक बाजू खाली.

तळ उभा धरल्यावर मशीनचं डोकं वाडग्याच्या पोटात येतं. म्हणून अरुंद आणि खोल पेनदाणी मशीनवर होत नाही, भिंत जरा वाढली की डोकं आपटतं. सरळ बाजूंच्या टोपलीला १२ ते १५ सेंटिमीटरपेक्षा लहान तळ घेऊ नका. याच कारणाने शिवताना वर दिसणारी बाजू ही वाडग्याची आतली, आणि खालची, बॉबिनच्या दोऱ्याची, ही बाहेरची. लोक वरच्या दोऱ्याचा रंग जुळवत बसतात आणि बॉबिनमध्ये सापडेल तो दोरा भरतात. नेमका तोच जगाला दिसतो. दोन बॉबिन आधी भरून ठेवा. भिंतीच्या मधे संपला तर एक सेंटिमीटर मागे जाऊन जुन्या टाक्यांवरून सुरू करा.

उचलायला कान करायचे तर शेवटून दुसऱ्या फेऱ्यात. पिनेपासून पाव फेरा शिवा, मग ९ सेंटिमीटर जागा सोडून द्या पण दोरी १३ सेंटिमीटर घ्या, कमान होईल. समोरासमोर दुसरा कान तसाच. शेवटचा फेरा कानांवरूनही न्या, म्हणजे कान दुपदरी होतो. एकपदरी कानाने फळांची टोपली उचललीत तर कान हातात आणि संत्री जमिनीवर. पाहिलंय मी.

शेवट पिनेच्या सरळ वर यायला हवा, नाहीतर काठ तिरका वाटतो. शेवटच्या ८ सेंटिमीटरमध्ये दोरीचे धागे आतून थोडे थोडे कापून ती उंदराच्या शेपटीसारखी निमुळती करा, मग कापड गुंडाळा. ही शेपटी आधीच्या फेऱ्यावर उतरत उतरत विरून जाते. तिथे पुढेमागे दोनदा शिवा.

भाकरीसाठी हा वाडगा चालेल का, असं बऱ्याचजणी विचारतात. बांबूची दुरडी जशी वाफ सोडते तशी ही सोडत नाही, खालची भाकरी ओली होते. चुलीवरून उतरवलेलं पातेलंही यात नको, पॉलिएस्टरचा दोरा वितळू शकतो. फळं, किल्ल्या, लोकरीचे गुंडे, देवघरातली फुलं, यासाठी उत्तम. मळला की गार पाण्यात, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा आणि मापाच्या पातेल्यावर पालथा घालून सावलीत वाळवा. पावसाळ्यात धुऊच नका, आतली दोरी दोन-दोन दिवस ओली राहते आणि वास धरते.

राहिला तुमचा पापड झालेला तळ. नायलॉनचा आहे, तो तसाच ठेवून द्या, कुंडीखाली चालेल. सुती दोरीवर नवीन घ्या आणि पहिल्या दिवशी फक्त १५ सेंटिमीटरचा तळ करा, साडेबारा फेरे. तो ओट्यावर न डुगडुगता बसला की दुसऱ्या दिवशी बाजू घ्या. पहिले दोन-तीन फेरे बिघडले तर उसवू नका. झिगझॅग उसवताना चिंध्या फाटतात, तिथे दोरीच कापून नवीन सुरुवात करणं स्वस्त पडतं.